नवजात अर्भकातील वेदनाशमन

नवजात अर्भकातील वेदनाशमन : जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बालकास रोग, इजा, शस्त्रक्रिया, तपासणी किंवा उपचार यांमुळे होणाऱ्या वेदना ओळखणे, शक्य तेथे त्या टाळणे आणि अपरिहार्य वेदनांची तीव्रता कमी करणे, या सर्व उपायांना मिळून ही संज्ञा लावतात. अकाली जन्मलेले अर्भक अनेक आठवडे रुग्णालयात राहत असल्यामुळे त्याच्या बाबतीत ही कालमर्यादा पुढे वाढविली जाते. मोठे मूल किंवा प्रौढ रुग्ण आपले दुखणे शब्दांत सांगू शकतो. नवजात अर्भक ते सांगू शकत नाही. त्यामुळे त्याच्या वेदनेची दखल घेणे सर्वस्वी इतरांच्या निरीक्षणावर अवलंबून असते. वैद्यकाच्या इतिहासात ही दखल फार उशिरा घेतली गेली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकापर्यंत नवजात अर्भकास वेदना होतच नाहीत, किंवा झाल्या तरी त्या त्याच्या स्मरणात राहत नाहीत व म्हणून महत्त्वाच्या नसतात, असा समज अनेक देशांतील वैद्यकीय व्यवसायात रूढ होता.

वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत वेदना हा ऊतकांच्या प्रत्यक्ष वा संभाव्य हानीशी निगडित किंवा अशा हानीच्या भाषेत वर्णन केला जाणारा एक अप्रिय संवेदनिक व भावनिक अनुभव मानला होता. वर्णन करण्याची क्षमता ज्यास नाही असे अर्भक या व्याख्येच्या कक्षेबाहेर राहते, असा आक्षेप घेण्यात आला. २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतून वर्णनाचा उल्लेख वगळण्यात आला आणि तोंडी वर्णन हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी केवळ एक मार्ग होय, संवाद साधता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, असे तिच्या टिपणात स्पष्ट करण्यात आले.

इतिहास : विल्यम मॉर्टन यांनी १८४६ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे ईथराच्या साहाय्याने केलेल्या जाहीर प्रयोगानंतर शस्त्रक्रियेसाठी शुद्धिहरणाचा प्रसार झपाट्याने झाला [⟶ शुद्धिहरण]. नवजात अर्भकांना मात्र त्याचा लाभ पूर्णपणे मिळाला नाही. याची कारणे दोन प्रकारची होती. पहिले कारण सैद्धांतिक होते. जन्माच्या वेळी अनेक तंत्रिका तंतूंवर मायेलिन या मेदयुक्त द्रव्याचे आवरण पूर्ण झालेले नसते. यावरून अर्भकाची तंत्रिका तंत्र रचना अपक्व असून वेदनेची जाणीव मेंदूच्या बाह्यकापर्यंत पोहोचत नसावी, असे अनुमान काढण्यात आले. टाचणीच्या टोचण्याला अर्भके कसा प्रतिसाद देतात यावर मर्टल मॅग्रॉ यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांचाही आधार या अनुमानाला देण्यात येई. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काही अर्भकांचा प्रतिसाद मंद दिसला होता. तो प्रसूतीच्या वेळी मातेला दिलेल्या औषधांचाही परिणाम असू शकतो, याकडे पुढील अभ्यासकांनी लक्ष वेधले.

दुसरे कारण व्यावहारिक होते व ते निराधार नव्हते. ईथर, क्लोरोफॉर्म आणि अफूपासून मिळणारी औषधे यांमुळे लहानग्या अर्भकाचे श्वसन मंदावून किंवा रक्तदाब उतरून मृत्यू ओढवण्याचा धोका मोठा होता. त्या काळी औषधाच्या मात्रा, श्वसनाची यंत्रे व रक्तातील ऑक्सिजनाचे मापन यांविषयीचे ज्ञान आणि साधने तुटपुंजी होती. अशा परिस्थितीत औषध देण्यापेक्षा न देणे अधिक सुरक्षित वाटे. ब्रिटनमधील लिव्हरपूल येथे गॉर्डन जॅक्सन रीस यांनी १९५० च्या सुमारास नायट्रस ऑक्साइड हा सौम्य वायू व स्नायूंना शिथिल करणारे क्यूरारे यांचा संयुक्त वापर रूढ केला. या पद्धतीमुळे नवजात अर्भकांवरील शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा पुष्कळच सुरक्षित झाल्या. तथापि स्नायुशिथिलकाने हालचाल थांबते, वेदना थांबत नाही. ज्या अर्भकाला हातपाय हलविता येत नाहीत व रडताही येत नाही त्याच्या वेदनेचे कोणतेही दृश्य चिन्ह शिल्लक राहत नाही, ही या पद्धतीतील उणीव बराच काळ दुर्लक्षित राहिली. काही ठिकाणी तर नायट्रस ऑक्साइडही न देता केवळ स्नायुशिथिलक देऊन शस्त्रक्रिया केल्या जात.

अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात १९८५ मध्ये एका अकालजात अर्भकाच्या हृदयाजवळील रोहिणीसंबंधक वाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया अशा रीतीने झाली व काही आठवड्यांनी ते दगावले. शस्त्रक्रियेच्या वेळी आपल्या बाळाला केवळ स्नायुशिथिलक देण्यात आले होते, हे त्याच्या मातेला नंतर कळले. तिने चिकाटीने हा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि १९८६ मध्ये वृत्तपत्रांतून त्यावर मोठी चर्चा झाली.

याच सुमारास ऑक्सफर्ड येथे कन्वलजीत सिंग आनंद हे या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास करीत होते. त्यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वरील प्रकारची शस्त्रक्रिया करावयाच्या १६ अकालजात अर्भकांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नायट्रस ऑक्साइड व क्यूरारे देण्यात आले. एका गटातील आठ अर्भकांना त्याशिवाय फेंटॅनिल हे तीव्र वेदनाहारकही दिले. फेंटॅनिल न मिळालेल्या अर्भकांच्या रक्तात ॲड्रेनॅलीन व इतर ताणनिदर्शक हॉर्मोने, ग्लुकोज आणि लॅक्टेट यांची वाढ अधिक झाली, तसेच शस्त्रक्रियेनंतर रक्ताभिसरणाचे व चयापचयाचे उपद्रवही त्यांच्यात अधिक आढळले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी वेदनाहारक न देणे अधिक सुरक्षित असते, या समजाचा पायाच खचला. त्याच वर्षी आनंद व पॉल हिकी यांनी मानवी गर्भ आणि नवजात अर्भक यांतील वेदनेचा समग्र शास्त्रीय आढावा प्रसिद्ध केला. अमेरिकेतील बालरोगतज्ञांच्या अकादमीनेही १९८७ मध्येच, नवजात अर्भकांवरील शस्त्रक्रियेत शुद्धिहरण व वेदनाशमन केवळ वयाच्या कारणावरून नाकारता येणार नाही, अशी भूमिका घेतली.

वेदनेची शरीरक्रियात्मक यंत्रणा : त्वचा, स्नायू, अस्थी व अंतस्त्ये यांतील विशिष्ट तंत्रिकाग्रे इजेमुळे उद्दीपित होतात. हे उद्दीपन मेरुरज्जूपर्यंत नेण्याचे कार्य दोन प्रकारचे तंतू करतात : मायेलिनाचे पातळ आवरण असलेले ‘ए-डेल्टा’ तंतू व आवरणरहित ‘सी’ तंतू. मेरुरज्जूतून संदेश थॅलॅमस या मेंदूच्या भागात व तेथून बाह्यकाकडे जातात [⟶ वेदना]. प्रौढ व्यक्तीतही वेदनेचे पुष्कळसे संदेश आवरणरहित तंतूंतूनच वाहतात. तेव्हा मायेलिनाच्या अभावी वेदना होत नाही, हा युक्तिवाद मुळातच सदोष होता. आवरण नसल्यास संदेशाचा वेग कमी होतो इतकेच, आणि अर्भकाच्या लहान शरीरात संदेशाला कापावे लागणारे अंतरही कमी असते.

गर्भाच्या मुखाभोवतालच्या त्वचेत संवेदनाग्रे सु. सातव्या आठवड्यात दिसू लागतात व सु. विसाव्या आठवड्यापर्यंत ती सर्व त्वचेत पसरतात. थॅलॅमसापासून बाह्यकाकडे जाणारे मार्ग सु. चोविसाव्या आठवड्यापासून जुळू लागतात. याउलट मेंदूकडून मेरुरज्जूकडे येऊन वेदनेच्या संदेशांना आवर घालणारी यंत्रणा जन्मानंतरही काही काळ अपक्वच असते. त्याचप्रमाणे मेरुरज्जूतील एकेक कोशिका अर्भकावस्थेत त्वचेच्या तुलनेने अधिक मोठ्या क्षेत्रातून संदेश ग्रहण करते. परिणामी अर्भकात, विशेषतः अकालजात अर्भकात, वेदनेचा प्रतिसाद प्रौढापेक्षा अधिक व्यापक असतो आणि तो अधिक काळ टिकतो. अपक्वता हे वेदनेच्या अभावाचे कारण नसून वेदनेवरील नियंत्रणाच्या अभावाचे कारण आहे, असे आता मानले जाते.

लंडन येथील मरिया फिट्सजेरल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९८८–८९ मध्ये असे दाखवून दिले की, रक्त घेण्यासाठी वारंवार टोचलेल्या टाचेला पाय मागे घेण्याची प्रतिक्षेपी क्रिया घडून येण्यास दुसऱ्या, न टोचलेल्या टाचेच्या मानाने सु. निम्माच दाब पुरतो. टोचलेल्या टाचेस स्थानिक बधिरकाचे मलम लावल्यास ही अतिसंवेदनशीलता कमी होते, असेही त्यांना आढळले. टोचलेल्या टाचेमुळे बाह्यकातील रक्तप्रवाहात होणारे बदल २००६ मध्ये अवरक्त किरणांच्या साहाय्याने नोंदविण्यात आले. ऑक्सफर्ड येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाच्या अभ्यासात, प्रौढांमध्ये टोचणीच्या वेळी क्रियाशील होणाऱ्या मेंदूच्या २० क्षेत्रांपैकी १८ क्षेत्रे एक ते सहा दिवसांच्या अर्भकांतही क्रियाशील होतात, असे दिसून आले. अर्भकाच्या जाणिवेचे नेमके स्वरूप या साधनांनी उलगडत नाही. परंतु त्याचा प्रतिसाद हा निव्वळ मेरुरज्जूचा यांत्रिक प्रतिक्षेप आहे, हे मत त्यांमुळे मागे पडले.

वेदनेची कारणे : निरोगी, पूर्ण दिवसांच्या अर्भकासही जन्मानंतर लगेच काही वेदनांना तोंड द्यावे लागते. रक्तस्राव टाळण्यासाठी द्यावयाचे के जीवनसत्त्वाचे अंतःक्षेपण, जन्मतः देण्यात येणाऱ्या क्षय व यकृतशोथ-बी यांवरील लसी, कावीळ किंवा रक्तातील साखर यांच्या तपासणीसाठी टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब ही त्यांची नित्याची कारणे होत. अवघड प्रसूतीत चिमट्याने किंवा निर्वात उपकरणाने डोक्यास झालेली इजा व जत्रूचा म्हणजे गळपट्टीच्या हाडाचा अस्थिभंग हीही वेदनेची कारणे असतात. काही समाजांत नवजात मुलाची सुंता केली जाते.

अतिदक्षता विभागातील अर्भकाची स्थिती याहून वेगळी असते. नीलेत सुई घालणे, रोहिणीतून रक्त घेणे, श्वासनलिकेत नळी बसविणे व तीतील स्राव शोषून काढणे, नाकातून जठरात नळी घालणे, पाठीच्या कण्यातून द्रव काढणे, छातीत नळी बसविणे, त्वचेवरील चिकटपट्ट्या काढणे आणि दृष्टिपटलाच्या तपासणीसाठी डोळा उघडा धरणे या क्रिया त्याच्यावर पुनःपुन्हा कराव्या लागतात. पॅरिस व त्याच्या परिसरातील १३ विभागांत ४३० अर्भकांच्या पहिल्या १४ दिवसांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार अर्भकामागे दररोजच्या वेदनादायक क्रियांचे मध्यमान १० होते व अशा क्रियांपैकी ७९ टक्क्यांहून अधिक क्रिया कोणत्याही खास वेदनाशामक उपायाविना पार पडल्या होत्या. वेदना होते हे मान्य होऊन वीस वर्षे लोटल्यानंतरची ही स्थिती होती.

परिणाम : तीव्र वेदनेमुळे हृत्स्पंदांची गती व रक्तदाब वाढतो, श्वसन अनियमित होते, रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण घटते आणि कवटीतील दाबात चढउतार होतात. अकालजात अर्भकाच्या मेंदूतील नाजूक वाहिन्यांना असे चढउतार अपायकारक ठरू शकतात. ताणनिदर्शक हॉर्मोनांमुळे शरीरातील प्रथिने व मेद यांचा ऱ्हास होतो. वाढीसाठी लागणारी ऊर्जा अशा रीतीने खर्ची पडते.

वेदनेचे काही परिणाम दीर्घकाळ टिकतात. ॲना टॅडिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोराँटो येथे केलेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नवजात अवस्थेत सुंता झालेल्या मुलांनी चार ते सहा महिन्यांच्या वयात लस टोचताना सुंता न झालेल्या मुलांपेक्षा अधिक वेदना दर्शविली. सुंतेच्या वेळी बधिरक मलम लावलेल्या मुलांत हा प्रतिसाद बनावट मलम लावलेल्या मुलांपेक्षा सौम्य होता. नवजात अर्भक वेदना ‘विसरते’ हा समज यामुळे डळमळीत झाला. स्पष्ट आठवण राहत नसली, तरी तंत्रिका तंत्राच्या प्रतिसादात तिची खूण राहते. अतिशय अकाली जन्मलेल्या बालकांत वारंवार झालेल्या वेदनादायक क्रियांचा संबंध मंदावलेल्या शारीरिक वाढीशी व मेंदूच्या विकासातील फरकांशी असल्याचे व्हँकूव्हर येथील रूथ ग्रुनाऊ प्रभृतींच्या अभ्यासांत आढळले आहे. अशी बालके अधिक आजारीही असल्यामुळे या संबंधातील वेदनेचा नेमका वाटा वेगळा काढणे कठीण असते.

वेदनेचे मापन : अर्भकाची वेदना त्याची मुद्रा, रडणे, हालचाल व शरीरक्रियांतील बदल यांवरून ओळखतात. भुवया खाली ओढल्या जाऊन त्यांमध्ये आठी पडणे, डोळे घट्ट मिटणे, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होणे व तोंड ताणून उघडणे ही मुद्रेवरील विश्वसनीय चिन्हे होत. रडणे हे भूक, थंडी किंवा ओले लंगोट यांमुळेही असू शकते; म्हणून केवळ रडण्यावरून निष्कर्ष काढत नाहीत.

या चिन्हांना गुण देऊन वेदनेची श्रेणी ठरविण्याच्या अनेक पद्धती प्रचारात आहेत. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व ‘निप्स’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रेणीत मुद्रा, रडणे, श्वसन, हात, पाय व जागृतावस्था या सहा बाबींना मिळून ० ते ७ गुण देतात. तीनपेक्षा अधिक गुण वेदना दर्शवितात. अकालजात अर्भकांसाठी १९९६ मध्ये तयार करण्यात आलेल्या ‘पिप’ या श्रेणीत सात बाबींचा विचार होतो. तीत गर्भवयासही गुण असतात, कारण जितके अर्भक अपक्व तितकी त्याची वेदनेची चिन्हे क्षीण असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी ‘क्राइज’ ही १९९५ मधील श्रेणी वापरतात.

या सर्व श्रेणींना एक समान मर्यादा आहे. अत्यंत अकाली जन्मलेले, गंभीर आजाराने थकलेले किंवा स्नायुशिथिलक दिलेले अर्भक तीव्र वेदना होत असतानाही निश्चल व निमूट पडून राहू शकते. म्हणून जी क्रिया प्रौढास वेदनादायक असते ती अर्भकासही वेदनादायकच असते असे गृहीत धरून, चिन्हांची वाट न पाहता उपाय योजावेत, असे तत्त्व स्वीकारले गेले आहे.

वेदना टाळण्याचे उपाय : वेदनाशमनाचा पहिला व सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे अनावश्यक क्रिया न करणे. प्रत्येक तपासणीमुळे उपचारात काही फरक पडणार आहे काय, याचा आधी विचार करणे, अनेक तपासण्यांसाठी एकदाच रक्त घेणे, वारंवार रक्त लागणाऱ्या अर्भकात नाभीतील वाहिनीत नळी बसविणे आणि त्वचेवरून ऑक्सिजन व कावीळ यांचे मापन करणारी उपकरणे वापरणे यांमुळे टोचण्यांची संख्या घटते. टाचेला टोचण्यासाठी साधी सुई वापरण्यापेक्षा ठराविक खोलीपर्यंतच जाणारी स्वयंचलित टोचणी कमी क्लेशदायक असते. पूर्ण दिवसांच्या अर्भकात कुशल व्यक्तीने हाताच्या नीलेतून रक्त घेतल्यास टाचेतून रक्त घेण्यापेक्षा वेदना कमी होते.

औषधाविना वेदनाशमन : लहानसहान क्रियांच्या वेळी पुढील उपाय उपयुक्त असल्याचे सिद्ध झाले असून त्यांतील बहुतेकांना खर्च येत नाही.

स्तनपान : रक्त घेताना किंवा लस टोचताना अर्भक अंगावर पीत असल्यास त्याचे रडणे व वेदनेचे गुण लक्षणीयपणे घटतात. दुधाची चव, चोखण्याची क्रिया, मातेचा स्पर्श, ऊब व गंध या सर्वांचा हा एकत्रित परिणाम होय. टोचण्यापूर्वी काही मिनिटे स्तनपान सुरू करून ते टोचून झाल्यावरही चालू ठेवतात.

त्वचास्पर्श : केवळ लंगोट घातलेल्या अर्भकास मातेच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे उभे धरण्याच्या पद्धतीस कांगारू मातृसेवा म्हणतात. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, उबदार पेट्यांच्या तुटवड्यातून ती उदयास आली. टाचेला टोचण्यापूर्वी काही वेळ अशा स्थितीत असलेल्या अकालजात अर्भकांत वेदनेची चिन्हे कमी दिसतात. माता उपलब्ध नसल्यास पिता किंवा अन्य आप्तही अर्भकास असे धरू शकतात.

गोड द्रावण : साखरेचे २४ टक्के निर्जंतुक द्रावण क्रियेपूर्वी सु. दोन मिनिटे जिभेच्या पुढील भागावर देतात. पूर्ण दिवसांच्या अर्भकास १ मिलि.पर्यंत, तर अकालजात अर्भकास काही थेंबच पुरतात. परिणाम सु. चार मिनिटे टिकतो. क्रिया लांबल्यास मात्रा पुन्हा द्यावी लागते. नळीने थेट जठरात दिल्यास हे द्रावण निष्प्रभ ठरते, यावरून त्याची क्रिया चवीच्या द्वारे होते हे स्पष्ट होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोड द्रावणाने अर्भकाची मुद्रा शांत झाली, तरी मेंदूतील विद्युत् प्रतिसाद कमी झाला नाही. त्यामुळे हे द्रावण वेदना कमी करते की केवळ तिची चिन्हे, याविषयी मतभेद आहेत. ते औषध म्हणून मोजून, नोंद ठेवून व केवळ वेदनादायक क्रियेसाठीच द्यावयाचे असते. रडे थांबविण्याचा नेहमीचा उपाय म्हणून नव्हे. साखरेऐवजी मध चाटविणे धोक्याचे आहे, कारण मधातील विशिष्ट जंतूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बालकास बॉट्युलिझम हा पक्षाघातजनक रोग होऊ शकतो.

इतर उपाय : अर्भकास मऊ कापडात गुंडाळणे, त्याचे हातपाय दुमडून दोन्ही तळव्यांनी अलगद धरून ठेवणे, स्वच्छ चोखणी देणे, तसेच प्रखर प्रकाश व गोंगाट कमी करणे हे उपायही साहाय्यक ठरतात. दोन-तीन उपाय एकत्र योजल्यास परिणाम अधिक चांगला होतो.

औषधी वेदनाशमन : स्थानिक बधिरकांपैकी लिग्नोकेन व प्रिलोकेन यांचे मिश्र मलम नीलेतून रक्त घेणे, पाठीच्या कण्यात सुई घालणे इत्यादींपूर्वी सु. एक तास लावतात. टाचेला टोचताना मात्र ते वेदना पुरेशी कमी करीत नाही. अधिक प्रमाणात वापरल्यास रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते, म्हणून अकालजात अर्भकात विशेष काळजी घ्यावी लागते. छातीत नळी बसविणे किंवा सुंता करणे अशा प्रसंगी लिग्नोकेनाचे अंतःक्षेपण देतात.

मॉर्फीन व फेंटॅनिल ही तीव्र वेदनेवरील प्रमुख औषधे होत. नवजात अर्भकाचे यकृत व वृक्के अपक्व असल्यामुळे ती शरीरातून संथपणे बाहेर पडतात. श्वसन मंदावणे, रक्तदाब उतरणे, आतड्यांची हालचाल कमी होणे व दीर्घ वापरानंतर औषधाची सवय जडणे हे त्यांचे दोष आहेत. फेंटॅनिल जलद दिल्यास छातीचे स्नायू ताठ होतात. कृत्रिम श्वसनावरील अकालजात अर्भकांना सरसकट मॉर्फीन दिल्याने मेंदूतील रक्तस्राव किंवा मृत्यू यांचे प्रमाण घटत नाही, असे २००४ मधील एका मोठ्या चाचणीत दिसून आले. दृष्टिपटलाच्या तपासणीपूर्वी तोंडाने मॉर्फीन देण्याची ब्रिटनमधील चाचणी श्वसनाच्या उपद्रवांमुळे मुदतीपूर्वी थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर नीलेतून पॅरासिटामॉल दिल्यास मॉर्फिनाची गरज बरीच कमी होते, असे नेदर्लंड्समधील रॉटरडॅम येथे केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. टाचेला टोचण्यासारख्या क्षणिक वेदनेवर पॅरासिटामॉल निरुपयोगी ठरते. मिडॅझोलाम यासारखी शामके अर्भकास गुंगी आणतात, परंतु वेदना कमी करीत नाहीत. त्यांच्यामुळे अर्भक शांत दिसते व वेदना झाकली जाते. म्हणून ती वेदनाहारकाऐवजी वापरीत नाहीत.

शस्त्रक्रियेसाठी संपूर्ण शुद्धिहरण, मेरुरज्जूभोवती बधिरकाचे अंतःक्षेपण किंवा दोहोंचा संयोग योजतात. काही शुद्धिहारकांमुळे प्राण्यांच्या विकसनशील मेंदूतील कोशिकांना अपाय होतो असे आढळल्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये, तीन वर्षांखालील मुलांत दीर्घ किंवा वारंवार वापराविषयी इशारा दिला. अर्भकावस्थेतील एक तासाहून कमी वेळाच्या एकाच शुद्धिहरणामुळे पाच वर्षांच्या वयात बुद्धीवर विपरीत परिणाम आढळत नाही, असा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने काढला. पुढे ढकलता येण्याजोगी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. परंतु आवश्यक शस्त्रक्रिया वेदनाशमनाविना करू नये, असा या ज्ञानाचा व्यावहारिक अर्थ लावला जातो.

घरगुती रूढी : रुग्णालयाबाहेरही नवजात अर्भकाच्या वेदनेचा प्रश्न उद्भवतो. महाराष्ट्रात अनेक कुटुंबांत बारशाच्या सुमारास किंवा पुढील काही महिन्यांत बाळाचे कान टोचतात. अशा वेळी निर्जंतुक सुई वापरणे, बाळास मातेच्या मांडीवर घेणे व लगेच अंगावर पाजणे हितावह असते. पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची मेळघाटासारख्या भागातील ‘डंबा’ ही प्रथा मात्र सर्वथा घातक आहे. तीमुळे तीव्र वेदना व जंतुसंसर्ग होतो आणि मूळ रोगावरील उपचारास विलंब लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत कामावर जाणाऱ्या गिरणी कामगार स्त्रिया तान्ह्या मुलांना निजविण्यासाठी अफूयुक्त बाळगोळ्या देत. अफूमुळे मूल शांत होई, पण मात्रेचा अंदाज नसल्यामुळे त्याचे पोषण खुंटण्याचा व श्वसन बंद पडण्याचा धोका असे. मॉर्फीन हे अफूतीलच द्रव्य असल्यामुळे त्याचा उपयोग मोजलेल्या मात्रेत व सतत देखरेखीखालीच का करावा लागतो, हे यावरून ध्यानात येते.

सद्यःस्थिती : अमेरिकेतील बालरोगतज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक नवजात विभागाने वेदनेचे नियमित मापन, वेदनादायक क्रिया कमी करणे आणि औषधी व औषधाविना उपाय यांची लेखी पद्धती ठरवावी असे सुचविले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणासंबंधी केलेल्या शिफारशींत, बाळास आईने किंवा सांभाळणाऱ्याने जवळ धरणे, शक्य तर टोचण्याच्या वेळी अंगावर पाजणे, सुई टोचल्यावर दट्ट्या मागे न ओढणे आणि एकाच वेळी अनेक लसी द्यावयाच्या असल्यास सर्वांत वेदनादायक लस शेवटी देणे यांचा समावेश आहे. बधिरक मलमाची शिफारस खर्च, उपलब्धता व लागणारा वेळ यांमुळे सरसकट केलेली नाही.

ज्ञान व प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर अद्याप पूर्णपणे मिटलेले नाही. कामाचा ताण, क्रिया क्षणिक असल्याची समजूत, वेदनामापनाचे अपुरे प्रशिक्षण आणि मातेला अतिदक्षता विभागाबाहेर ठेवण्याचा प्रघात ही त्याची प्रमुख कारणे होत. यांपैकी शेवटचे कारण दूर करण्यास कोणतेही उपकरण वा औषध लागत नाही. माता जवळ असल्यास स्तनपान व त्वचास्पर्श हे दोन्ही उपाय लगेच उपलब्ध होतात, आणि बाळाच्या मुद्रेतील व रडण्यातील सूक्ष्म बदल पुष्कळदा प्रथम तिच्याच लक्षात येतात.